आत्याच्या हृदयाची सीडी

हणमंतमामांनी खिडक्यांचे पडदे ओढले, टीपॉय बाजूला सरकवलं आणि रिमोट हातात घेऊन म्हणाले, "आता सगळ्यांनी गप बसायचं. हृदय सुरू होतंय."

हॉलमध्ये एसटीतले त्यांचे दोन निवृत्त मित्र, त्यांच्या बायका आणि शेजारच्या हौसाक्का बसल्या होत्या. सगळ्यांच्या हातात बेदाण्याच्या वाट्या. तासगावात पाहुण्याला पाण्याआधी बेदाणे मिळतात. मी दाराला टेकून उभी होते, कारण मी हा खेळ आधी दोनदा पाहिला होता.

टीव्हीवर करडं धुकं आलं. मग त्यात एक काळी रेघ उमटली, तिला फांद्या फुटल्या, फांद्यांना डहाळ्या फुटल्या, आणि ते सगळं झाड दर ठोक्याला आखडत आणि सैल होत राहिलं. ते माझ्या शालनआत्याचं हृदय होतं. म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या. अँजिओग्राफीची ही सीडी मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, दवाखान्यातून मुद्दाम मागून आणली होती.

"ही डावी मेन लाइन," मामा म्हणाले. ते तीस-बत्तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होते आणि माइकवरून गाड्या पुकारायची सवय आवाजातून गेली नव्हती. "आपला पुणे-बंगळूर हायवे समजा. कुठं खड्डा दिसतोय का बघा. दाखवा खड्डा, मिशी उतरवतो!"

"खड्डा सोडा, स्पीडब्रेकरपण नाही," एक मित्र म्हणाले.

"शालन," हौसाक्का ओरडल्या, "तुझ्या पोटात एवढं मोठं झाड हाय व्हय गं!"

"पोटात नाही, छातीत," मामांनी दुरुस्ती केली.

हौसाक्कांच्या गालात कायम लवंग असायची. वर्षभरापूर्वी त्यांनी डावीकडची दाढ काढून घेतली होती, तरी तिची जागा अधूनमधून ठणकायची. दाताचे डॉक्टर म्हणत, जागा एकदम स्वच्छ आहे. हौसाक्का म्हणत, स्वच्छ असू दे, मी लवंग धरते.

"वहिनी कुठायत?" कुणीतरी विचारलं.

आत्या चहा टाकायला म्हणून उठली होती. चहाला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. मी आत गेले.

ती ओट्याला टेकून उभी होती. चहा उकळून उकळून निम्मा झाला होता. एक हात ओट्याच्या कडेवर, दुसऱ्या हाताची मूठ छातीच्या मधोमध.

"दुखतंय?"

"हळू बोल." तिच्या कपाळावर घाम होता. "होईल आता कमी."

मी गॅस बंद केला. बाहेरून मामांचा आवाज आला, "आता ही उजवी! हिचं वळण बघा, घाटासारखं, पण रस्ता कसा गुळगुळीत!"

आत्याला हसू आलं. दुखत असताना हसल्यामुळे तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. "बघ गं वैजू. तिकडं सगळं गुळगुळीत, आणि इकडं कुणीतरी धुणं पिळल्यासारखं पिळतंय. मग खोटं कोण, मी का टीव्ही?"

"मामांना सांगते मी."

"काय सांगशील? त्यांनी सगळ्या कॉलनीत पेढे वाटलेत." तिनं पदरानं कपाळ टिपलं. "लोकांनी पेढे खाल्लेत बाई. आता दुखतंय म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

याला आता सोळा-सतरा वर्षं झाली. मी तेव्हा तासगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला नुकतीच लागले होते आणि आत्याकडेच राहत होते. आत्याची मुलगी लग्न होऊन गेली होती, तिची खोली मला मिळाली होती.

आत्या पंचावन्नची होती आणि कॉलनीच्या महिला मंडळाच्या झिम्मा-फुगडीच्या संघाची पुढारी होती. भाद्रपदात गौरी गेल्या की सांगलीत स्पर्धा व्हायच्या. आधीच्या वर्षी त्यांचा दुसरा नंबर थोडक्यात हुकला होता, आणि ते आत्याच्या मनाला लागलं होतं. आषाढ संपायच्या आधीच तिनं तालमी सुरू केल्या. श्रावणात एका तालमीनंतर तिला छातीत दुखलं. मामांनी तिला सांगलीला डॉक्टर गुळवणींकडे नेलं. फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी केली तर हृदयाच्या आलेखात बिघाड दिसला. तेव्हा मामांचा चेहरा मी पाहिला होता. ते दोन दिवस जेवले नाहीत. मग अँजिओग्राफी झाली आणि नळ्या स्वच्छ निघाल्या. पट्ट्याची तपासणी बायकांत पुष्कळदा खोटी येते, असं डॉक्टर म्हणाले. वयाचं असेल, पित्त असेल, मनावर ताण असेल, काळजीचं काही नाही.

त्या आनंदात मामांनी जे केलं ते प्रेमानंच केलं. पण त्यानंतर घरात दुखणं या शब्दाला जागाच उरली नाही. आत्या त्याला वेगवेगळी नावं द्यायला लागली. कधी पित्त, कधी पाठीत भरलंय, कधी जरा दम लागलाय. मला मात्र ती ओट्याशी कशी उभी राहते ते कळत होतं.

तालीम समाजमंदिरात व्हायची. मी अधूनमधून बघायला जायची. त्या आठवड्यात हौसाक्कांनी आत्यावर नवं गाणं रचलं होतं:

"टीव्हीवर लागलंय शालनचं काळीज,
हणमंतराव तिकीट फाडत्यात रोजच्या रोज!"

बायका खदखदून हसल्या. आत्याही हसली. "मेले, लवंग गिळशील गाता गाता."

मग दोघींनी हात गुंफले. आत्या आणि हौसाक्का यांची जोडफुगडी संघाचा हुकमी एक्का होता. आत्या काटकुळी, हौसाक्का भरदार, पण फिरायला लागल्या की वजन कुणाचं आणि वेग कुणाचा ते कळायचं नाही. पदर खोचलेले, टाचा जवळ, अंग मागे झोकलेलं. बाजूच्या बायका टाळ्यांचा ठेका चढवत नेत होत्या.

फुगडी सुटली. दोघी हसत दोन बाजूंना गेल्या. हौसाक्का खांबाला टेकून गाल दाबायला लागल्या. आत्या पायरीवर बसली, आणि मला दिसलं की तिची मूठ परत छातीवर गेली आहे.

मी तिच्याजवळ बसले. "फिरताना दुखत होतं?"

"नाही गं. फिरताना काही नाही. थांबलं की येतं. थांबलं आणि श्वास खाली बसायला लागला की मग आवळतं, आणि बराच वेळ सोडत नाही."

हौसाक्का गाल चोळत जवळ आल्या. "काय झालं गं साफ नळीवाले? आता तुला दमायची परवानगी न्हाई. सगळ्या गावानं बघितलंय."

"दमले नाही," आत्या म्हणाली. "पित्त झालंय."

"मनाला लावून घेतीस तू. लेक सासरी गेली की आईच्या छातीत असं होतंच. माझं बघ, तीन लेकी दिल्या, तवापास्नं ही दाढ." त्यांनी नवी लवंग तोंडात टाकली. "दाढ गेली, दुखणं राहिलं. मी काय रडत बसलीय का? चल ऊठ, झिम्मा घेऊ."

आणि आत्या उठली. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी माझं अकरावीचं प्रॅक्टिकल होतं. विषय साधा: तांब्याच्या बारीक तारेची जाडी मोजायची, आधी फूटपट्टीनं, मग व्हर्नियरनं, मग स्क्रू गेजनं. एका मुलीनं पट्टीच्या रकान्यात मोठ्या अक्षरात शून्य लिहिलं होतं.

"तारेची जाडी शून्य आहे?" मी विचारलं.

"मॅडम, पट्टीवर काही दिसतच नाही."

"मग हातात काय धरलंयस?"

ती हसली. मी आजही दरवर्षी सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं. पट्टीचा लीस्ट काउंट एक मिलिमीटर. त्याहून बारीक असलेलं ती मोजू शकत नाही. शून्य लिहायचं नाही. या पट्टीला दिसलं नाही, एवढंच लिहायचं आणि दुसरं उपकरण घ्यायचं.

तिनं खोडरबर काढलं. मी तिथेच उभी राहिले. त्या दिवशी उरलेलं प्रॅक्टिकल मुलींनी आपापलंच उरकलं असावं.

घरी येऊन मी मामांना म्हणाले, "मामा, आत्याला एकदा परत डॉक्टरांना दाखवू या."

मामांनी पेपर खाली केला. "कशाला? बरं वाटत नाही का तिला?"

"आत्या, सांग ना."

आत्या मेथी निवडत होती. मामांच्या चेहऱ्याकडे तिनं एकदा पाहिलं. त्या चेहऱ्यावर ते श्रावणातले दोन दिवस परत यायला लागले होते. ती म्हणाली, "मी बरी आहे. ही पोरगी उगाच."

"बघ!" मामा सुटल्यासारखे म्हणाले. "वैजू, तू सायन्सची. पुरावा समोर असताना शंका काढू नये. लावू का सीडी?"

त्यांनी लावलीच. आणि त्या सीडीनंच शेवटी माझं काम केलं.

डावा हायवे निम्मा भरला आणि चित्र थांबलं. मामांनी रिमोट आपटला, सीडी काढून पंच्यानं पुसली, फुंकर मारली, परत घातली. परत तिथेच. दर पाहुण्यासाठी काढून, पुसून, परत घालून ती घासली गेली होती.

हौसाक्का मेथीतला निम्मा वाटा न्यायला आल्या होत्या. त्या टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "घ्या! बाईला न्हाई तर सीडीला ब्लॉक आला."

आत्या इतकी हसली की मेथीची जुडी तिच्या मांडीवरून खाली पडली. मामा मात्र गंभीर झाले. गौरीला त्यांचे पुण्याचे साडू सहकुटुंब येणार होते, आणि साडूंची स्वतःची अँजिओप्लास्टी झालेली होती. त्यांना ही सीडी दाखवणं मामांच्या दृष्टीनं अत्यंत जरुरीचं होतं.

"उद्याच सांगलीला जातो," ते म्हणाले. "नवी कॉपी आणतो."

"मीपण येते," मी म्हणाले. "आणि आत्यालाही नेऊ. तिच्या हृदयाची कॉपी, तिची सही लागेल."

सही लागेल की नाही मला ठाऊक नव्हतं. मामांना ते पटलं. कंट्रोलरला सही लागते हे लगेच पटतं.

दवाखान्यात डॉक्टर गुळवणींना विचारल्याशिवाय कॉपी मिळेना, म्हणून आम्ही तिघं त्यांच्या खोलीत गेलो. ते पन्नाशीचे, बारीक, घाईतले गृहस्थ होते. मामांनी खिशातून सीडी काढली.

"ही घासली. दुसरी पाहिजे होती. गौरीला पाहुणे येणारेत."

डॉक्टरांना क्षणभर कळेना. "तुम्ही ही पाहुण्यांना दाखवता?"

"चहाबरोबर," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते हसत होते. त्यांनी कॉम्प्युटरवर आत्याचं चित्र उघडलं, कॉपी करायला सांगण्यासाठी फोन उचलला, आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"डॉक्टर, एक विचारू?" माझा आवाज फार बारीक आला. "या चित्रात कमीत कमी किती जाडीची नळी दिसते?"

त्यांनी फोन हातातच धरला. "का?"

"मी फिजिक्स शिकवते. लीस्ट काउंट विचारतेय."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग स्क्रीनकडे. "साधारण अर्ध्या मिलिमीटरची," ते सावकाश म्हणाले. "त्याहून बारीक दिसत नाहीत."

"आणि त्याहून बारीक किती असतात?"

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला.

"बहुतेक सगळ्या," ते म्हणाले. "हृदयाच्या स्नायूपर्यंत रक्त त्याच पोचवतात." मग त्यांनी खुर्ची वळवली, माझ्याकडे नाही, आत्याकडे. "अजून दुखतं का तुम्हाला?"

"छे हो," मामा म्हणाले, "ठणठणीत..."

"तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या."

आत्यानं मामांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मला वाटलं, ती पुन्हा पित्त म्हणणार.

"पेढे वाटले ना ह्यांनी," ती म्हणाली. "म्हणून सांगितलं नाही."

"किती दिवस?"

"थांबलंच कुठं होतं?" आणि मग तिनं सांगितलं. जोडफुगडीत हात सुटले की पुढं काय होतं. पहाटे गार पाण्यात हात घातला की काय होतं. लेकीचा फोन आला नाही तर त्या संध्याकाळी काय होतं. तिनं मूठ वळून दाखवली. ती अजिबात रडली नाही. एखादीला फुगडीचा नवा प्रकार शिकवावा तसं नीट, क्रमानं सांगितलं, आणि डॉक्टर मधे एकदाही बोलले नाहीत.

मामांच्या हातातली सीडी हळूहळू मांडीवर आली होती. "शालन," ते म्हणाले, "मी हॉलमध्ये हायवे दाखवत होतो तेव्हा तू..."

"चहा करत होते," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी जुने कागद काढून पट्ट्याच्या तपासणीचा आलेख समोर पसरला. "हा खोटा म्हणून मी बाजूला ठेवला होता. दोन तपासण्या भांडत असतील तर एक खोटी ठरवणं सोपं असतं. पण दोन्ही खऱ्या असू शकतात. मोठ्या नळ्या साफ, आणि बारीक नळ्या गरज पडेल तेव्हा उघडत नाहीत." ते मामांना म्हणाले, "तुमच्या भाषेत सांगतो. हायवे चांगला आहे. वाड्यावस्त्यांना गाडी पोचत नाही."

मामांनी मान हलवली. आयुष्यभर लोकांनी त्यांच्याकडे हीच तक्रार केली होती.

पुण्याला एक तपासणी होत होती, तिथं आत्याला नेलं. औषध देऊन हृदयात रक्ताची धार किती वाढते ते मोजतात. ती हवी तेवढी वाढत असेल तर बारीक नळ्या ठीक. आत्याची निम्मीसुद्धा वाढली नाही. परत आल्यावर गुळवणींनी गोळ्या लिहून दिल्या, रक्तदाबाकडे आणि साखरेकडे लक्ष द्यायला सांगितलं, आणि एक गोष्ट मामांना दोनदा सांगितली. नळ्या साफ असल्या म्हणजे धोका नाही असं समजायचं नाही. अशा बायकांनाही पुढं झटका येऊ शकतो, आणि साफ निघालं म्हणून घरी बसवलेल्यांकडे कुणाचं लक्ष नसतं.

"आणि फुगडी?" आत्यानं विचारलं. ती त्या सगळ्यात एवढं एकच विचारायला थांबली होती.

"या वर्षी नाही. गोळ्या लागू पडल्या की हळूहळू. चालण्यापासून सुरुवात."

"गाणं म्हणू?"

"खुशाल."

आज आत्या सत्तरी ओलांडून गेली आहे. हौसाक्का तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या. दोघी रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातात आणि वाटेत भांडतात. म्हणून पुढचं हसत सांगता येतं.

पुण्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यानं मामांना पेढे आणायला लावले. मामा गोंधळले, पण आणले. मग तिनं मंडळाच्या बायकांना घरी बोलावलं. मामांनी न सांगता पडदे ओढले आणि नवी सीडी घातली.

"ही डावी मेन लाइन," ते म्हणाले. आवाज स्टँडवरचाच होता, पण जरा खाली आलेला. "हायवे. एकही खड्डा नाही, ते खरंच आहे. पण ही रेघ इथं संपलेली दिसते ना, तिथं रस्ता संपत नाही. तिथून पुढं वाड्यावस्त्या आहेत. त्या या सीडीत येत नाहीत. शालनचं दुखणं तिथं होतं." त्यांनी घसा साफ केला. "आणि मी इथं उभा राहून मिशी लावत होतो पैजेला."

"मग उतरवा की," मागून एकजण म्हणाली, आणि हशा झाला.

आत्या पेढ्यांचा पुडा घेऊन फिरत होती. नवी कोरी साडी नेसली होती. इतकी खुशीत मी तिला लेकीच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"अगं थांब," हौसाक्का म्हणाल्या. "मला जरा समजू दे. मागं नळ्या साफ होत्या म्हणून पेढे. आता आजार निघाला म्हणूनपण पेढे?"

"आजाराचे नाहीत."

"मग कशाचे?"

"माझं खरंच दुखत होतं, त्याचे," आत्या म्हणाली.

टीव्हीवर झाड आखडत होतं आणि सैल होत होतं. हौसाक्कांनी पेढा तोंडाजवळ नेला होता. तो तसाच राहिला. दुसरा हात हळूहळू डाव्या गालावर गेला.

"फुगडी थांबली की येतं म्हणालीस ना तुझं?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"वैजू," हौसाक्का माझ्याकडे वळल्या. आवाजातली सगळी लवंग गेली होती. "काढलेली दाढ जिना चढल्यावर दुखती का गं?"

मी काही बोलायच्या आत आत्यानं त्यांच्या हातातला पेढा काढून परत पुड्यात ठेवला.

"हा सांगलीहून आल्यावर खा," ती म्हणाली. मग मामांकडे वळली. "अहो, ती सीडी बंद करा आणि गाडी काढा."